‘मलकापूरचं हवामान सांग’ म्हटलं, तर फोन कुठल्या मलकापूरचं सांगतो? टाइप न करता, नुसतं बोलून मोबाइल वापरायचा असेल तर...

मोबाइल हातात आहे, रिचार्ज केलेलं आहे, नेटही सुरू आहे. पण पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला फोन लावायचा तर शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. पीएम किसानचा हप्ता आला का, हे पाहायला सेतू केंद्रात खेटा घालावा लागतो. बँकेचा मेसेज आला की तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हे रोजचं आहे. फोन आपला असला तरी तो चालवणारा दुसराच कुणीतरी असतो.

अशा लोकांसाठी आता फोनवरचा एक छोटा माइक कामाला येऊ शकतो. टाइप करायचं नाही, इंग्रजी मेन्यू शोधायचा नाही, फक्त बोलायचं. फोनमधली ही सोय म्हणजे व्हॉइस असिस्टंट. ती नवी नाही, पण तिचा उपयोग अजून बराचसा गाणी लावण्यापुरता आणि नातवंडांच्या गमतीपुरता राहिला आहे. ती रोजच्या कामाला कशी लावायची, कुठे फसते आणि कुठे तिच्यावर अजिबात विसंबू नये, ते जाणून घेऊया.

मराठी फोनला कधीपासून कळते?

गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टाइप करण्याची सोय मराठीसह आठ भारतीय भाषांना दिली. वर्षभराने, ऑगस्ट २०१८ मध्ये, गूगल असिस्टंट मराठीत बोलू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘जेमिनी लाइव्ह’ आलं. त्यात एकेक प्रश्न न विचारता मराठीत चक्क गप्पा मारल्यासारखं बोलता येतं, मध्येच थांबवून ‘नाही, तसं नाही’ असंही म्हणता येतं. आता गूगल फोनमधल्या जुन्या असिस्टंटच्या जागी जेमिनी आणत आहे. त्यामुळे एकाच घरातल्या दोन फोनवर दोन वेगळे असिस्टंट दिसले तर गोंधळून जायचं कारण नाही. ॲमेझॉनची अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते. मराठी घरात तिच्याशी हिंदीतच बोलावं लागतं आणि जिल्ह्यातल्या बहुतेकांना ते जमतंही.

आतलं काम साधारण असं चालतं. तुम्ही बोलता तो आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तिथे आवाजाचे शब्द होतात. त्या शब्दांतून ‘या माणसाला नेमकं काय हवंय’ याचा अंदाज बांधला जातो. मग उत्तर शोधून ते पुन्हा आवाजात तुम्हाला ऐकवलं जातं. यातला ‘अंदाज’ हा शब्द लक्षात ठेवावा. असिस्टंटच्या बहुतेक चुका तिथेच होतात. आणि नेट गेलं की फोनवरची काही साधी कामं सोडली तर असिस्टंट मुका होतो, हेही आलंच.

‘पानी येईन का?’

बुलढाणा जिल्हा भाषेच्या दृष्टीने मजेदार आहे. मेहकर, खामगाव, शेगावकडे वऱ्हाडी. सिंदखेड राजा, देऊळगाव राजाकडे जालन्याच्या, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीची लकब. मलकापूरच्या बाजूला खानदेशी वळण. फोनला शिकवलेली मराठी मात्र बहुतांशी प्रमाण मराठी. वऱ्हाडीत ‘मला’चं ‘मले’ होतं, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘जात आहे’ऐवजी ‘जाऊन राहिलो’ म्हणतात. ‘ळ’चा ‘य’ ऐकून यंत्र अडखळू शकतं आणि ‘राहिलो’ ऐकून ‘मुक्कामाला राहिलो’ असा अर्थ लावू शकतं.

सगळ्यात नमुनेदार उदाहरण पावसाचं. ‘आज पानी येईन का?’ असं इथला शेतकरी विचारतो तेव्हा तो पावसाबद्दल बोलतो, हे शेजाऱ्याला सांगावं लागत नाही. यंत्राला ते नळाच्या पाण्याबद्दलही वाटू शकतं. तिथे ‘पाऊस’ हा एक शब्द वापरला की काम होतं. बोली सोडायची गरज नाही, फक्त मुद्द्याचा शब्द सरळ यावा. ‘आज खामगावले पाऊस पडन का’ यातला ‘पाऊस’ आणि ‘खामगाव’ नीट ऐकू गेलं की बाकीचं यंत्र सांभाळून घेतं.

या उणिवेवर काम सुरू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलसोबत ‘वाणी’ हा प्रकल्प हाती घेतला आहे. देशातल्या ७७३ जिल्ह्यांतून दीड लाख तासांहून अधिक बोलणं गोळा करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. भाषांऐवजी जिल्हे हा आधार धरल्यामुळे पुस्तकी भाषेबरोबर गावची बोलीही नोंदली जाते. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातही ‘भाषादान’ म्हणून आपला आवाज देता येतो. वऱ्हाडी माणसांनी तिथे जितकं बोलावं तितकं यंत्राला वऱ्हाडी कळेल. नाहीतर पुण्या-मुंबईच्या मराठीलाच यंत्र मराठी समजत राहणार.

गावांच्या नावाचा घोळ

आता शीर्षकातला प्रश्न. मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीत आहे आणि साताऱ्यात कराडला लागूनही आहे. चिखली म्हटलं की इथल्या माणसाला तालुक्याचं गाव आठवतं, पण पिंपरी-चिंचवडमध्येही मोठी चिखली आहे. जळगाव जामोदमधलं ‘जामोद’ गाळलं की फोन थेट खानदेशात जातो. फोनचं लोकेशन सुरू असेल तर असिस्टंट जवळचं गाव धरण्याची शक्यता जास्त. पण पुण्यात बसलेला मुलगा चिखलीतल्या आई-वडिलांसाठी हवामान विचारत असेल, तर त्याला पिंपरी-चिंचवडचा पाऊस ऐकायला मिळू शकतो. उपाय सोपा आहे. गावासोबत दरवेळी जिल्हा जोडायचा: ‘बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचं उद्याचं हवामान सांग.’ उत्तराच्या सुरुवातीला फोन गावाचं नाव उच्चारतो, तेवढं कान देऊन ऐकायचं.

एक फायदाही सांगायला हवा. ‘बुलढाणा’ लिहायचं की ‘बुलडाणा’, हा वाद टाइप करणाऱ्यांसाठी आहे. बोलणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही.

हवामानाचा विषय निघालाच आहे तर, अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी ऐकायला जमणारा हा जिल्हा आहे. ती श्रद्धेची बाब. फोनवरचा अंदाज हा हवामान संस्थांच्या माहितीवरून येतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांपुरता तो जास्त कामाचा असतो. ‘यंदा पावसाळा कसा राहील’ असं असिस्टंटला विचारून पेरणीचा निर्णय घेऊ नये.

रोजची कामं: सुरुवात फोन लावण्यापासून

शिकवणारे बहुतेक वेळा अवघड गोष्टीपासून सुरुवात करतात आणि शिकणारा दुसऱ्या दिवशी सोडून देतो. पहिला आठवडा एकच काम करावं: फोन लावणं. ‘संजूला फोन लाव.’ हे जमलं की माणसाचा धीर वाढतो.

इथे एक अडचण हमखास येते आणि तिचं खापर उगाच म्हाताऱ्या माणसावर फुटतं. फोनमधले नंबर नातवाने भरलेले असतात. एक नंबर इंग्रजीत ‘संजू न्यू टू’, दुसरा ‘एसके जिओ’, तिसरा नुसता ‘पप्पा’. आजी म्हणते ‘संजूला फोन लाव’ आणि फोन म्हणतो, सापडलं नाही. चूक आजीची नाही. घरातल्या कुणीतरी अर्धा तास बसून आजी ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने, देवनागरीत, नंबर पुन्हा सेव्ह करावेत. संजू, मोठी सून, दवाखाना, दूधवाला. एका माणसाचे तीन नंबर असतील तर चालू असलेला एकच ठेवावा. असिस्टंट चालत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या घरांनी आधी ही यादी तपासावी.

मग हळूहळू पुढचं. ‘सकाळी पाचचा गजर लाव.’ ‘रोज रात्री आठला गोळीची आठवण कर.’ रात्री लाइट गेली आणि फोन हातात असला तर ‘टॉर्च लाव.’ डोळ्यांना वाचन झेपत नसेल तर ‘गजानन विजय ग्रंथाचा पहिला अध्याय लाव’ म्हटलं की यूट्यूबवर पारायण सुरू होतं. शेगावच्या भक्तांच्या घरात नवशिक्याला माइकची गोडी लावायला याहून चांगला पाठ नाही.

व्हॉट्सॲपवर बोलून लिहिणंही तितकंच कामाचं आहे. कीबोर्डवरचा माइक दाबून बोललं की मराठी अक्षरं उमटतात. त्यासाठी कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी एकदा जोडलेली असावी लागते. व्हॉट्सॲपचा स्वतःचा हिरवा माइक मात्र वेगळा. तो आवाजच पाठवतो. खरं तर व्हॉइस मेसेज पाठवता येणाऱ्या माणसाने अर्धी लढाई जिंकलेलीच असते, कारण यंत्रासमोर बोलायची लाज गेलेली असते. तीच सगळ्यात चिवट अडचण आहे.

कागद वाचून घेण्याची सोय फार कमी लोकांना माहीत आहे. गूगल लेन्स उघडून वीजबिल किंवा बँकेचं पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं की त्यातला मजकूर निवडून तो ऐकता येतो. इंग्रजी असेल तर मराठीत भाषांतरही होतं. वाचता न येणाऱ्या माणसाला यामुळे स्वतःचं पत्र परक्या माणसाला दाखवावं लागत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ३८ टक्के स्त्रियांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होतं, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. राज्यातली ती पाहणी २०१९ मधली. चित्र तेव्हापासून बदललं असणार, पण घरातला फोन आधी कुणाच्या हातात जातो हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

शेतीचं विचारायचं तर कुणाला?

पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, हे पैसे कधी आले आणि का अडकले हा गावातला नेहमीचा प्रश्न. त्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ‘किसान ई-मित्र’ सुरू केला. पीएम किसानच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर तो आहे. मराठीत बोलून ‘माझा हप्ता का आला नाही’ असं विचारता येतं. हप्ता अडण्याची कारणं सहसा ठरलेली असतात: ई-केवायसी झालेली नाही, खातं आधारशी जोडलेलं नाही किंवा जमिनीची नोंद जुळलेली नाही. यातलं कोणतं आपलं, हे घरी कळलं तर सेतू केंद्रातली किमान एक फेरी वाचते. राज्याच्या कृषी विभागानेही २०२५ मध्ये ‘महाविस्तार एआय’ हे ॲप आणलं. त्यातही मराठीत प्रश्न विचारायची सोय आहे.

फवारणीचं प्रमाण मात्र सर्वसाधारण असिस्टंटला विचारू नये. एका पंपाला किती मिली, कोणतं औषध कशात मिसळायचं, याचं उत्तर तो आत्मविश्वासाने देतो आणि ते चुकीचं असू शकतं. २०१७ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले आहेत. औषधाच्या डब्यावरचं लेबल, कृषी सहायक किंवा किसान कॉल सेंटर यांनाच विचारावं. १८००-१८०-१५५१ हा कॉल सेंटरचा नंबर, सकाळी सहा ते रात्री दहा, फुकट आणि मराठीत. २००४ पासून तो सुरू आहे. तिथे माणूस बोलतो आणि साधा बटणांचा फोनही चालतो. वीस वर्षांहून जुनी ही सोय कुठल्याही नव्या ॲपइतकीच कामाची आहे, पण तिची जाहिरात कुणी करत नाही.

आजाराचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत अचानक लोकांचे केस गळू लागले. पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचे तज्ज्ञ आले. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या दिवसांत बोंडगावात बसून कुणी फोनला ‘केस का गळतात’ विचारलं असतं, तर ताण, कोंडा, जीवनसत्त्वं अशी जगभराची सरासरी कारणं ऐकायला मिळाली असती. आपल्या गावात आज काय चाललंय, हे असिस्टंटला कुणी लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही.

स्मार्टफोनच नसेल तर?

साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी ‘यूपीआय १२३ पे’ सुरू केलं. इंटरनेट लागत नाही. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून ०८०-४५१६३६६६ वर फोन करायचा, भाषा निवडायची आणि आवाज सांगेल तसं करत जायचं. पहिल्या वेळी बँक निवडून डेबिट कार्डाच्या मदतीने पिन तयार करावा लागतो. सुरुवातीला एका व्यवहाराची मर्यादा पाच हजार रुपये होती. ती १ जानेवारी २०२५ पासून दहा हजार झाली.

रेल्वेसाठी १३९. बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही, खामगाव-जालना मार्गाची मागणी शतकभर जुनी आहे. त्यामुळे गाडी पकडायची तर मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव गाठावं लागतं. निघण्याआधी गाडी किती उशिरा आहे हे कळलं, तर स्टेशनवरचे दोन तास वाचतात. १३९ वर साध्या फोनवरूनही ते कळतं.

सगळ्यात मोठा धोका: ‘बँकेचा नंबर सांग’

हे वाक्य फोनला कधीच म्हणू नये.

कारण असं की, असिस्टंट बऱ्याचदा इंटरनेटवर सापडलेलं उत्तर वाचून दाखवतो. सायबर भामटे बँका, गॅस एजन्सी, कुरिअर यांच्या नावाने खोटे कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर टाकून ठेवतात. वाचणारा माणूस निदान संकेतस्थळाचं नाव पाहून शंका घेऊ शकतो. ऐकणाऱ्याला फक्त नंबर ऐकू येतो, तोही आपल्या विश्वासाच्या आवाजात. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सोय सर्वात उपयोगी, तेच इथे सर्वात आधी फसू शकतात. बँकेचा नंबर पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो. तोच घरच्यांनी ‘बँक’ या नावाने सेव्ह करून ठेवावा. मग ‘बँकेला फोन लाव’ हे वाक्य सुरक्षित होतं, कारण फोन इंटरनेटवर न जाता आपल्याच यादीतला नंबर लावतो.

पिन आणि ओटीपी कधीही तोंडाने बोलायचे नाहीत. माणसाला नाही आणि फोनलाही नाही. ‘१२३ पे’मध्येही पिन बटणं दाबूनच द्यायचा असतो. नातेवाइकाच्या हुबेहूब आवाजात पैसे मागणारे फोनही आता येऊ शकतात. अशा वेळी फोन ठेवून त्या माणसाच्या आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः फोन करावा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवावं. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पळालेली असते.

‘फोन आपलं सगळं ऐकतो का?’ हा प्रश्नही लोक विचारतात, आणि तो अडाणी प्रश्न नाही. २०१९ मध्ये बेल्जियमच्या एका वाहिनीने दाखवलं होतं की गूगल असिस्टंटच्या काही ध्वनिमुद्रणांचे तुकडे कंत्राटी माणसं ऐकत होती. हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के असल्याचं गूगलने तेव्हा सांगितलं होतं. त्यातली काही तर ‘ओके गूगल’ न म्हणताच रेकॉर्ड झालेली होती. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी हाक मारून जागं होण्याची सोय बंद ठेवावी आणि माइकचं बटण दाबूनच बोलावं. वयस्क माणसाला तेच सोपंही जातं, कारण फोन केव्हा ऐकतोय हे डोळ्यांना दिसतं.

घरच्यांनी करायचं काय?

दिवाळीला किंवा यात्रेला गावी आलेल्या मुला-मुलींकडे साधारण तासाभराचं काम आहे. असिस्टंट आणि कीबोर्डला मराठी जोडायची. माइकचं चिन्ह पहिल्याच स्क्रीनवर आणायचं, बाकीची पसाऱ्यातली ॲप्स आत ढकलायची. नावांची यादी दुरुस्त करायची. अक्षरं आणि आवाज मोठे करायचे. आणि मग फोन आपल्या हातात न घेता आई-बाबांच्याच हातात ठेवून तीन वाक्यं त्यांच्या तोंडून म्हणवून घ्यायची. ‘दे इकडे, मी करतो’ असं म्हणून फोन ओढून घेतला की शिकवणी तिथेच संपते.

पहिल्या दिवशी फोनला ऐकू जाणार नाही. माइक दाबल्यावर ‘टुंग’ वाजायच्या आत बोललं की पहिला शब्द गळतो. मध्ये जास्त थांबलं की त्याला वाटतं बोलणं संपलं. आवाज चढवून उपयोग नसतो, शेजारी टीव्ही सुरू असेल तर तो कमी करावा लागतो. शेतात वाऱ्यात उभं राहून बोलताना फोन तोंडाजवळ धरावा लागतो. दोनदा चुकलं तर तिसऱ्यांदा वाक्य छोटं करायचं: ‘बाबा, मला जरा मोठ्या सुनेला फोन लावून दे बरं’ याऐवजी ‘मोठ्या सुनेला फोन लाव.’ यंत्राशी आदराने बोलायची सवय मात्र लवकर जात नाही. काम झालं की कित्येक जण फोनला ‘बरं बापा’ म्हणतात. त्याने काही बिघडत नाही.